आयला रॅटरीचं नाव कोणी काढलं?

१

आयला रॅटरी सापडली ती गुरुवारी सकाळी, आणि तीही फिरत्या वाचनालयाच्या बाईला. गाडी फाटकाशी थांबली, दोनदा हॉर्न वाजला, तरी म्हातारी पुस्तकं घेऊन बाहेर येईना. तेव्हा ती बाई मागच्या दारानं आत शिरली. धुण्याच्या खोलीत आयला जमिनीवर होती, अंगावर ओढून घेतलेला ओला टॉवेल. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी सकाळी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि बुधवारी केव्हातरी गेली. म्हणजे जवळजवळ दीड दिवस ती तिथं जिवंत पडून होती. मे महिना होता, म्हणजे दक्षिण गोलार्धात हिवाळा तोंडावर; सकाळी दव गोठून कुरणं पांढरी होत होती. तिचं वय चौऱ्याऐंशी.

एखाद्या शहरात असं झालं असतं तर लोक चुकचुकले असते आणि विसरले असते. पण ग्लेनुरीत असं होणंच शक्य नव्हतं. साउथलंड प्रांताच्या या टोकाला घरापासून घर दोन-दोन मैलांवर, आणि निम्म्या घरांत एकेकटी म्हातारी माणसं. म्हणून तर गावानं 'सकाळची हाक' सुरू केली होती. रोज साडेसात ते नऊ, जुन्या पोस्टाच्या इमारतीतून यादीतल्या प्रत्येकाला एक फोन. दोनदा फिरवूनही उचलला नाही, की तासाभरात कोणीतरी किल्ली घेऊन दारात हजर. बावीस वर्षांत एक माणूस असा पडून राहिला नव्हता. एकसुद्धा नाही!

आयलाला मात्र सोमवारपासून गुरुवारपर्यंत एकही फोन गेला नाही, कारण त्या चारही दिवसांच्या यादीत तिचं नावच नव्हतं.

"लिओनी, ते यंत्र तुला कळतं," संस्थेचा अध्यक्ष मर्डो फिंडले म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी सभा आहे. आयलाचा मुलगाही येणार आहे. त्याच्याआधी मला एक नाव हवंय."

"कोणाचं?"

"जिनं तिचं नाव काढलं, तिचं."

लिओनी पराटाच्या कानाला ते 'जिनं' खटकलं. म्हणजे मर्डोनं मनात नाव ठरवून टाकलं होतं. आता फक्त पुरावा हवा होता.

२

लिओनी तिथली प्रोग्रॅमर. अकरा वर्षं क्राइस्टचर्चच्या मोठ्या कंपनीत काढून आईच्या आजारपणात गावी परतली, ती राहिलीच. 'हाके'ची यादी बनवणारा जावा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तीच सांभाळायची. ईस्टरच्या सुट्टीत तिनं एक मोठं काम उरकलं होतं. जुना डेटाबेस महाग पडू लागला म्हणून सगळी माहिती दुसऱ्या, फुकटच्या डेटाबेसात हलवली होती. दुकान तेच, मागचं कोठार तेवढं बदललं. सदस्य चारशे बारा होते, चारशे बारा आले. एकट्या राहणाऱ्यांच्या फोनच्या यादीत सत्त्याण्णव नावं होती, सत्त्याण्णवच आली. कोणाला कळलंसुद्धा नाही, आणि असं काम कोणाला कळू नये यातच त्याचं कौतुक असतं.

पहिला संशय गावानं घेतला तो व्हर्न ड्युथीवर. फोन करणारे सहा जण, आणि आयला त्याच्या वाट्याची. वय पंचाहत्तर, जन्म गाईंच्या गोठ्यात गेलेला, तोंड फाटकं. शिवाय त्याचं आणि आयलाचं महिन्यापूर्वी वाजलं होतं. त्याच्या कुत्र्यानं तिची कोंबडी मारली, आणि तिनं फोनवर त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली.

"मी नाव गाळलं म्हणतायत ना?" लिओनीनं खुर्ची ओढताच तो म्हणाला. पुढ्यातला चीज रोल तसाच गार झाला होता. "घे, बघ. सगळे कागद जपून ठेवतो मी."

रोज सकाळी यंत्रातून निघणारी त्याच्या वाट्याची यादी, प्रत्येक नावापुढे त्याची पेन्सिलीची खूण. सोमवारचा कागद लिओनीनं उलटसुलट पाहिला. आठ वाजून पाच मिनिटांचं नाव होतं, आठ पंधराचं होतं. आठ दहाला आयला असायची. ती नव्हती. कागद फाडलेला नाही, खोडलेला नाही. यंत्रानंच तिला छापलं नव्हतं.

"तुम्हाला खटकलं नाही, व्हर्न?"

"मुलाकडे गेली होती ना ती, डनीडिनला, डोळ्याच्या ऑपरेशनला. वाटलं, मुक्काम वाढला असेल." तो खिडकीकडे बघत राहिला. "खरं सांगू, पोरी? नाव दिसलं नाही तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं, चला, आज सकाळी-सकाळी शिव्या नाहीत."

एवढं बोलून त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. लिओनीनं कागद तारखेनं लावून परत ठेवले.

व्हर्न सुटला. पण मग उरत होती एकच व्यक्ती, आणि तिचं नाव घ्यायला लिओनीची जीभ रेटत नव्हती.

३

एल्सपेथ मकाय 'हाके'ची कारकून, पहिल्या दिवसापासूनची. लिओनीच्या आईची जिवाभावाची मैत्रीण, म्हणून लिओनी तिला आंटी म्हणायची. आणि आयला एल्सपेथची वर्गशिक्षिका होती, पुढे शेजारीण, पुढे रविवारच्या चर्चमधल्या बाकावरची कायमची सोबत.

कोणी बाहेरगावी निघालं, की एल्सपेथ त्या माणसाच्या माहितीत 'बाहेरगावी' नावाच्या चौकटीत लिहायची: मुलाकडे, इस्पितळात, लग्नाला. चौकटीत काही लिहिलेलं असलं की यंत्र ते नाव यादीत घ्यायचं नाही. उगाच रिकाम्या घरात फोन वाजायला नको. माणूस परतलं, की एल्सपेथ चौकट पुसायची. साधा हिशेब.

"मीच पुसायची विसरले असणार," एल्सपेथ म्हणाली. चार दिवसांत तिचा चेहरा निम्मा झाला होता. "रविवारी येणार म्हणून आयलानं आधीच कळवलं होतं. त्या दुपारी येऊन मी पुसलं, असं मला आठवतंय. पण आठवणीचं काय घेऊन बसलीस? त्रेसष्ट वर्षांची बाई मी. गेल्या महिन्यात चहाची किटली फ्रिजमध्ये ठेवली होती."

"आंटी, जरा थांब ना. बघू तर दे."

लिओनीनं आयलाची माहिती उघडली. नाव, फोन, किल्ली कोणाकडे, सगळं जागच्या जागी. 'बाहेरगावी'ची चौकट पांढरी, रिकामी.

"बघ, पुसलेलंच आहे!"

"मर्डो म्हणतो, गुरुवारी बातमी कळल्यावर मी घाईघाईनं पुसलं. स्वतःला वाचवायला." एल्सपेथ खुर्चीत मागे सरली. "माझ्या बाईंना मी मारलं, आणि वर खोटं बोलले, असं तो म्हणतो. आणि देवाशपथ सांगते, लिओनी, आता माझाच माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. मी राजीनामा लिहून ठेवलाय. पोलिसांनी विचारलं तर हो म्हणून टाकणार आहे. निदान हा प्रश्न तरी संपेल."

"वेडी आहेस का!"

एल्सपेथ गेल्यावर लिओनीनं शेवटच्या बदलाची नोंद काढली. प्रोग्रॅम प्रत्येक माहितीवर शेवटचा हात कधी लागला ते लिहून ठेवायचा, आणि ते कोणाला खोडता येत नसे. तिथं लिहिलं होतं: रविवार, दुपारी चार बारा. त्यानंतर त्या माहितीला कोणी हातही लावला नव्हता.

म्हणजे रविवारी चौकट पुसली गेली होती. आणि सोमवारी यंत्रानं आयलाला बाहेरगावी धरलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असूच शकत नव्हत्या. हे कोडं सुटेपर्यंत एल्सपेथला खोटी आशा लावायची नाही, असं तिनं ठरवलं.

४

अंत्यसंस्कार मंगळवारी झाले. नंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा, सँडविच, आणि माणसांच्या घोळक्यात एकटा उभा ग्रेम रॅटरी. आयलाचा एकुलता एक, डनीडिनला शाळेत शिकवणारा. त्यानं लिओनीला बाजूला घेतलं.

"तुम्ही चौकशी करताय ना? मग हे लिहून घ्या. सोमवारी संध्याकाळी आईशी बोललो मी. ती म्हणाली, आज फोन आला नाही. व्हर्न अजून रुसलाय कोंबडीवरून. मी म्हटलं, मी ऑफिसात फोन करतो. तर म्हणाली, काही नको. म्हाताऱ्याची कागाळी करून त्याचं काम घालवायचंय का मला? येईल दोन दिवसांत ताळ्यावर."

"म्हणजे तिला कळलं होतं?"

"कळलं होतं. आणि मी ऐकलं तिचं." ग्रेमनं सँडविचची बशी खिडकीत सरकवली. "मंगळवारी सकाळी शाळेत परीक्षा होती. बुधवारी करू म्हटलं फोन. बुधवारी राहून गेला. मला फक्त सांगा, तिला वगळलं कोणी? माणूस दाखवा मला. नाहीतर मी मलाच धरून बसणार आहे जन्मभर."

लिओनी काही बोलणार, तोच मागून कोणीतरी तिच्या कोपराला काठीनं डिवचलं. हेमी टिपेने होता. कचऱ्याची गाडी, चर्चचं घड्याळ, खाटकाचा तराजू, कशाबद्दलही तक्रार करणारा म्हणून सगळ्या गावात नावाजलेला.

"पुढचा नंबर माझा," हेमी म्हणाला. "माझ्यासाठीही असेच सँडविच करा. काकडीचे नकोत."

"असं काय बोलता, हेमी?"

"मग कसं बोलू? दोन आठवडे झाले, मलाही कोणी फोन करत नाही. तीनदा सांगितलं मी मर्डोला. म्हणतो, हेमी, तुला कुरकुर करायला रोज नवीन काहीतरी लागतं."

लिओनीनं कप तसाच खाली ठेवला.

"हेमी, तुम्ही मध्यंतरी कुठं बाहेर होता का?"

"इस्पितळात होतो की! पायाचं बोट काढलं माझं. कोणी भेटायला आलं नाही ते सोड, पण निदान माहीत तरी ठेवा!"

५

बुधवारी सकाळी ती जुन्या पोस्टात जाऊन बसली आणि एकच प्रश्न यंत्राला विचारला. वर्षभरात बाहेरगावी जाऊन परतलेली माणसं किती? तेहेतीस. त्यांतल्या एकतीस जणांना रोज फोन जात होता. जात नव्हता तो दोघांना, हेमीला आणि आयलाला.

मग त्या एकतीस जणांत आणि या दोघांत फरक काय? वय नाही, रस्ता नाही, किल्ली कोणाकडे हेही नाही. तिनं परतल्याच्या तारखा एकाखाली एक मांडल्या. एकतीस जण ईस्टरच्या आधी परतले होते. हे दोघे ईस्टरनंतर.

ईस्टरला गावात एकच गोष्ट बदलली होती, आणि ती तिनं बदलली होती.

तरी तिनं मान्य केलं नाही. माणूस असं एकदम मान्य करत नाही. तिनं स्वतःचंच नाव सदस्य म्हणून घातलं आणि यादी काढली. 'लिओनी पराटा' यादीत आली. चौकटीत 'लग्नाला' लिहिलं, नाव यादीतून गेलं. एल्सपेथ करायची तसंच मागे जात जात अक्षरं पुसली, जतन केलं, पुन्हा यादी काढली.

नाव आलं नाही.

जुन्या डेटाबेसची प्रत तिच्या लॅपटॉपवर होती. तिथं हेच सगळं पुन्हा केलं. तिथं नाव परत आलं.

मग मात्र पळवाट उरली नाही. प्रोग्रॅम विचारायचा, चौकटीत काहीच नाही अशी माणसं कोण? एल्सपेथनं अक्षरं पुसली की प्रोग्रॅम कोठाराकडे एक कोरा कागद पाठवायचा. जुनं कोठार कोरा कागद टाकून द्यायचं. कोरा म्हणजे काहीच नाही, संपलं. नवं कोठार शिस्तीचं. ते तो कोरा कागदही नीट घडी करून ठेवायचं. कोरा असला म्हणून काय, आलेला तर आहे! पडद्यावर दोन्ही चौकटी सारख्याच पांढऱ्या. पण एकीत काही नव्हतं, आणि दुसरीत कोरा कागद होता. ज्याच्या चौकटीत कागद, तो बाहेरगावी.

बरं, नवं कोठार चुकलं म्हणावं, तर तेही नाही. त्याच्या माहितीपुस्तकात हे लिहिलेलं आहे. लिओनीला ते पाठ होतं. क्राइस्टचर्चला नवी मुलं यायची तेव्हा हाच फरक तीच त्यांना समजावायची, आणि विसराल तर मार खाल म्हणून दमही द्यायची. ईस्टरला तिनं नावाच्या, फोनच्या, पत्त्याच्या चौकटींत तो शोधून दुरुस्तही केला होता. या एका चौकटीकडे तिचं लक्ष गेलं नाही. माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती.

तिनं तपासणीची आपली यादी काढली. एकसष्ट मुद्दे, प्रत्येकापुढे टिकमार्क. सदस्य वाढवणं, फोन बदलणं. 'माणूस बाहेरगावी जातो', टिकमार्क. त्यानंतर सरळ पुढचा मुद्दा, किल्लीची नोंद.

माणूस परत येतो, हे तिनं तपासलंच नव्हतं.

मग तिला वाटलं, आणि हे तिला नंतर कधीच स्वतःपासून लपवता आलं नाही, की एक ओळ बदलली की झालं. पाच मिनिटांचं काम. गावात कोणाला कळणार आहे? आंटीनं राजीनामा लिहिलेलाच आहे. तिचा तर स्वतःवरच विश्वास नाही.

ती उठली, टेबलावर फोन होता तिथं गेली, आणि हेमीला फोन केला.

"कोण मेलं?" हेमी म्हणाला.

"कोणी नाही. हाक आहे. उद्यापासून व्हर्न करतील, तुमचं नाव हातानं लिहून देते."

६

शुक्रवारी दोन वाजता सभा भरली. मर्डो, समितीची चार माणसं, व्हर्न, कोपऱ्यात ग्रेम. एल्सपेथ पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. आत राजीनाम्याचा लिफाफा होता, हे लिओनीला दिसत होतं.

"तर, नाव?" मर्डो म्हणाला.

"लिओनी पराटा."

"तुझं नाव विचारलं नाही मी."

"तेच सांगतेय. आयलाला यादीतून मी काढलं."

मर्डोचा हात कागदावर थांबला. लिओनी पडद्यासमोर उभी राहिली आणि त्यांच्यासमोर आपलं नाव घातलं, बाहेरगावी पाठवलं, परत आणलं. ते परत येत नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, मग तिनं ते काढून टाकलं. तिनं बुधवारी सापडलेल्या कोऱ्या कागदाचं सांगितलं, तारखांचं सांगितलं, एकसष्ट मुद्द्यांची यादी टेबलावर ठेवली. "आंटीनं रविवारी चार बाराला चौकट पुसली होती. बावीस वर्षं पुसत आली तशीच. तिच्या हातून काहीही चुकलं नाही. व्हर्नच्या कागदात नाव नव्हतं. ग्रेमनं विचारलं होतं ना, माणूस दाखवा? तो माणूस मी आहे."

एल्सपेथनं पर्स उघडली, लिफाफा काढला, त्याच्याकडे पाहत राहिली.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस मी स्वतःला खुनी समजत होते, पोरी."

"मला माहीत आहे, आंटी."

"बुधवारीच कळलं होतं तुला. बुधवारी का नाही सांगितलंस?"

याला लिओनीकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. "धीर झाला नाही," ती म्हणाली. एल्सपेथनं मान फिरवली. माफी मागायचीही ही वेळ नाही, हे लिओनीला कळलं.

ग्रेम उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हा ओरडणार. पण तो व्हर्नकडे बघत होता.

"म्हणजे तुम्ही रुसला नव्हता."

"नव्हतो रे बाबा," व्हर्न म्हणाला. "कोंबडीच्या बदल्यात दोन पिल्लं आणून ठेवली होती मी तिच्यासाठी. ती आली की द्यायची म्हणून."

"तिला वाटत होतं तुम्ही रुसलात." ग्रेम म्हणाला. "जमिनीवर पडली होती तेव्हासुद्धा तिला हेच वाटत असणार. व्हर्न रुसलाय, आज फोन येणार नाही."

व्हर्ननं टोपी काढली आणि तोंडावर धरली. त्या एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे हलत होते, आणि त्याच्याकडे कोणाला बघवेना.

७

दुरुस्ती खरंच एका ओळीची होती. शनिवारी सकाळी सात वाजता लिओनीनं ती केली. यादी निघाली. काल सत्त्याण्णव नावं होती, आज नव्व्याण्णव.

ती दोन नावं कोणाची, हे न वाचताही तिला माहीत होतं. सभेच्या गडबडीत आयलाची सदस्यता बंद करायची राहिली होती. आठ पाच आणि आठ पंधराच्या मधोमध, आठ दहाला, आयला रॅटरी. यंत्राच्या मते ती घरी परतली होती.

एल्सपेथ आली. लिओनीशी काही न बोलता तिनं कागद पाहिला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"काढते मी," लिओनी म्हणाली.

"दे इकडे," व्हर्ननं हात पुढे केला. "आज आहे तशीच दे."

बाकीच्यांनी आपापले कागद उचलले, तो नेहमीसारखा बसला. पेन्सिलीला टोक केलं. सात तीस, सात पस्तीस, सगळ्यांना तेच. "उठलात का? थंडी आहे, मोजे घाला." हेमीनं चहा कसा पुचाट झालाय ते पाच मिनिटं ऐकवलं, आणि व्हर्ननं एकदाही तोडलं नाही. आठ दहाला त्यानं नंबर फिरवला. कागदात बघितलंसुद्धा नाही.

घंटी वाजत राहिली. एकदा थांबली. नियमाप्रमाणे त्यानं पुन्हा फिरवला. या वेळी पलीकडे कोणीतरी उचलला. घर आवरायला मागे राहिलेला ग्रेम असणार.

"हाक आहे," व्हर्न म्हणाला. "व्हर्न बोलतोय. रुसलो नव्हतो, एवढंच सांगायचं होतं."

पलीकडून काय उत्तर आलं ते लिओनीला ऐकू आलं नाही. व्हर्न बराच वेळ फोन कानाला लावून बसला होता. मग त्यानं तो ठेवला, आयलाच्या नावापुढे खूण केली, आणि आठ पंधराचा नंबर लावला.

लिओनी यंत्रापाशी गेली. एल्सपेथ तिच्या मागे येऊन उभी राहिली. लिओनीनं आयलाची माहिती उघडली, सदस्यता बंद केली, आणि उद्याची यादी काढून पाहिली. अठ्ठ्याण्णव नावं होती. तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक करून वाचली.